रडारवरचं रडगाणं

अमेरिकेत एअर ट्रॅफिक कंट्रोलरची नोकरी लागली, ओक्लाहोमा सिटीतली अकादमी पार पडली आणि नेमणूक नेमकी घरापासून दोन टाइमझोन लांब झाली. आता घरी कुणीतरी गंभीर आजारी आहे आणि तुम्हाला हार्डशिप बदली, म्हणजे घरच्या अडचणीपायी मिळणारी खास बदली, हवी आहे. अर्ज मंजूर करून घेण्याचे सल्ले भरपूर मिळतील. तो हमखास फेटाळून घ्यायचा कसा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. ती उणीव इथे भरून काढू.

पायाभरणी अकादमीतच करा. वर्ग संपताना रिकाम्या जागांची यादी समोर येते आणि गुणानुक्रमे एकेक जण आपली जागा उचलतो. घराजवळचा लहानसा टॉवर यादीत असला तरी त्याकडे बघू नका. वरच्या लेव्हलची, म्हणजे जास्त वर्दळीची आणि जास्त पगाराची जागा घ्या. वडिलांचं डायलिसिस दोन वर्षं चालू आहे, ही गोष्ट तेव्हा पोटात ठेवा आणि सहा महिन्यांनी अर्जात सविस्तर लिहा. अर्ज वाचणारा पहिल्यांदा तारखा बघतो. नेमणूक स्वीकारली तेव्हा ही अडचण होती का, याचं उत्तर तुमच्याच कागदांतून त्याला मिळेल. तुमच्यावर तोंड उघडायची वेळही येणार नाही.

पुढची पायरी म्हणजे दोन वाटांची खिचडी. नेहमीच्या बदलीचे अर्ज 'एनसेप्ट' या केंद्रीय समितीपुढे जातात. तिथला मामला शुद्ध आकड्यांचा. सोडणाऱ्या फॅसिलिटीत (टॉवर किंवा रडार केंद्रात) ठरलेल्या संख्येच्या किती टक्के प्रमाणित कंट्रोलर आहेत, घेणारीत किती आहेत आणि राष्ट्रीय सरासरी काय आहे, एवढंच पाहिलं जातं. आईचं दुखणं त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुम्ही अजून ट्रेनी, म्हणजे प्रमाणितांच्या गणतीतही नाही. म्हणूनच हार्डशिपची वाट वेगळी आहे. तेव्हा तुम्ही काय करायचं? नेहमीच्या बदलीचा ३३३०-४२ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कृपया सहानुभूतीने विचार व्हावा' असं लिहायचं आणि वाट बघत बसायचं. युनियनच्या प्रतिनिधीकडे तर फिरकूच नका. करारात काय लिहिलंय आणि कुठला कागद कुणाच्या टेबलावर जातो, हे त्याला माहीत असतं. त्यामुळे उगाच काम होऊन जाण्याचा धोका असतो.

आता डॉक्टरांचं पत्र. इथे खरी कलाकुसर आहे. दोन ओळी पुरेत : 'अमुक रुग्ण माझ्या उपचाराखाली आहेत. त्यांना कुटुंबाच्या आधाराची गरज आहे.' निदान नको, आजार किती काळ चालेल याचा अंदाज नको, आठवड्यातून किती वेळा कुठे न्यावं लागतं हे तर मुळीच नको. चांगल्या पत्रातून चार गोष्टी कळतात : काय झालंय, किती दिवस चालणार, रोज नेमकी कसली मदत लागते, आणि रुग्णाला तुमच्या सध्याच्या गावी आणून तीच काळजी का घेता येणार नाही. पाचवी गोष्ट डॉक्टर लिहू शकत नाही, ती तुम्हीच लिहायची असते : हे तुम्हीच का करायचं? रुग्णापासून वीस मिनिटांवर राहणारी धाकटी बहीण अर्जात दिसली नाही, तर चौकशीत दिसते. तिला रात्रपाळी आहे, लहान मूल आहे, गाडी चालवता येत नाही, जे काही असेल ते तिच्या सहीच्या पत्रासह जोडलं की प्रश्न मिटतो. तुम्हाला तो मिटवायचा नाही, हे विसरू नका.

अर्जात स्वतःच्या हालांनाही भरपूर जागा द्या. दोन संध्याकाळच्या पाळ्या, दोन दिवसाच्या, मग एक मध्यरात्रीची. वर सक्तीचा ओव्हरटाइम आणि सहा दिवसांचा आठवडा. हे सगळं डोळ्यांत पाणी आणून लिहा. वाचणारा मॅनेजर हीच पाळी वर्षानुवर्षं करून त्या खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे त्याला गहिवरून येईल यात शंका नाही. फॅसिलिटीतल्या प्रत्येकाला जो त्रास आहे, त्याला तिथे हार्डशिप म्हणत नाहीत, वेळापत्रक म्हणतात.

अधिक जोर हवा असेल तर लिहा : 'या ताणामुळे मला झोप लागत नाही, पोझिशनवर (रडारपुढच्या किंवा टॉवरातल्या कामाच्या जागी) लक्ष लागत नाही, पॅनिक अटॅक येतात.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कंट्रोलरला वैद्यकीय मंजुरीशिवाय हेडसेट लावता येत नाही आणि अशी वाक्यं फ्लाइट सर्जनकडे, म्हणजे ती मंजुरी देणाऱ्या डॉक्टरकडे, गेली की आधी ती मंजुरी थांबते. बदलीचं बदलीच्या ठिकाणी, प्रशिक्षण आजच बंद. खरोखर तसं होत असेल तर उपचार घ्या आणि नियमाप्रमाणे कळवाही, लपवणं हा वेगळा गुन्हा आहे. पण केवळ अर्जाला फोडणी म्हणून ते घालायचं असेल, तर यापेक्षा जलद आत्मघात सापडणार नाही.

अर्जाच्या तारखेचा मुहूर्त मात्र नीट काढा. ओजेटीच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाच्या, प्रत्येक सत्राचा अहवाल ३१२०-२५ फॉर्मवर चढतो. सलग काही अहवालांत 'सेपरेशन (दोन विमानांमधलं सुरक्षित अंतर) राखताना प्रशिक्षकाला हस्तक्षेप करावा लागला' असं आलं, प्रशिक्षण आढाव्याची बैठक ठरली, की तिच्या दुसऱ्या दिवशी अर्ज टाका. वडिलांची तब्येत आणि तुमचे गुण एकाच आठवड्यात ढासळले, हा योगायोग कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही.

जागा मागताना एकच नाव द्या, तेही गावातल्या सर्वांत मोठ्या ट्रॅकॉनचं, म्हणजे विमानतळांभोवतीची वाहतूक सांभाळणाऱ्या रडार केंद्राचं. तासाभराच्या अंतरावरचे तीन-चार लहान टॉवर चालतील असं लिहिलंत, तर कुठेतरी फट सापडेल. सध्या पाचव्या लेव्हलचा टॉवर तुम्हाला जड जातोय आणि तुम्ही बाराव्या लेव्हलची जागा मागताय, यातला आत्मविश्वास वाचणाऱ्याला भावतोच. तुम्ही एनरूटचे (दोन विमानतळांमधल्या लांबच्या वाटेवरची विमानं सांभाळणारे) आणि मागताय टॉवर, असं असेल तर आणखी बहार. त्या कामाचं शिक्षण मुळापासून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी बहुधा पुन्हा ओक्लाहोमा सिटी. घरी आजारी माणूस वाट बघतोय, तुम्ही अकादमीत.

काही हुशार मंडळी याहून सोपा मार्ग शोधतात : मुद्दाम नापास व्हायचं. नापास झालेल्याला कधीकधी दुसऱ्या, खालच्या लेव्हलच्या फॅसिलिटीत संधी देतात हे खरं. ती कुठे द्यायची हे मात्र एजन्सी, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए, ठरवते, आणि संधीऐवजी नोकरीतून नारळही देता येतो. प्रोबेशनवर असाल तर नारळाचीच शक्यता जास्त.

एफएएला माणसं हलवता येत नाहीत असं मात्र नाही. जुलै २०२४मध्ये नेवार्क विमानतळाचं हवाईक्षेत्र सांभाळायचं काम न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरून फिलाडेल्फियाला गेलं, तेव्हा नको म्हणणाऱ्या कंट्रोलरांनाही बिऱ्हाड उचलावं लागलं. तेव्हा जायचं नाही म्हणून अर्ज करून पाहा, जमलं तर जमलं.

मध्येच रजेचा विचार मनात आला तर झटकून टाका. बारा महिने नोकरी झाली असेल तर कौटुंबिक वैद्यकीय रजा कायद्याखाली वर्षाला बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते, आणि आई-वडील, जोडीदार, मूल यांच्या गंभीर आजारासाठी ती सलग न घेता तुकड्यातुकड्यांनीही घेता येते. सहा-आठ आठवड्यांत निभावणारं दुखणं असेल, तर एवढ्यात बदलीची गरजच संपायची. मग आपल्या अर्जाचं काय?

एवढं करूनही तो मंजूर झालाच, तर खचू नका. बदली तुमच्या विनंतीवरून झालेली असल्यामुळे सामानाचा ट्रक, प्रवास, घराचा मोडलेला भाडेकरार, सगळा खर्च तुमचा. पगार नव्या फॅसिलिटीच्या लेव्हलप्रमाणे. आणि जुन्या ठिकाणी मिळवलेली पोझिशन सर्टिफिकेट्स नव्या ठिकाणी चालत नाहीत. पहिल्याच आठवड्यात कोरा कागद पुढ्यात येईल : त्यावर नव्या हवाईक्षेत्राच्या हद्दी, फिक्स (आकाशातले ठरलेले बिंदू), एअरवे (हवाई मार्ग), किमान उंच्या आणि शेजारच्या सेक्टरच्या फ्रिक्वेन्सी पाठ काढायच्या. जुना नकाशा तोंडपाठ असेल, तर तो आधी डोक्यातून काढायला लागा.