सिस्टरना ॲप नको असतं म्हणे!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जोरदार वाद झाला. आईकडे ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर एजन्सीच्या ॲपमध्ये नोंदी वेळेवर भरत नाहीत, तर दादाचं म्हणणं, या लोकांना नवीन काही शिकायचंच नसतं, तुमच्याकडे नेदरलँड्समध्ये बघ कशा टॅब्लेट घेऊन फिरतात. आता मी इथे नऊ वर्षं राहते, मागच्या वर्षी नवऱ्याच्या पायाच्या ऑपरेशननंतर दीड महिना नर्स घरी येत होती, हे सगळं मी जवळून पाहिलंय आणि मला दादाचं अजिबात पटत नाही.

ती नर्स जखमेशेजारी मोजपट्टी धरून टॅब्लेटवर फोटो काढायची, तो जखमांच्या स्पेशालिस्ट नर्सकडे जायचा, आणि एकदा तर हिचं बँडेज गुंडाळून व्हायच्या आत उत्तर आलं की ड्रेसिंगचा प्रकार बदला. निघायच्या आधी आमच्याच सोफ्यावर बसून दोन ओळी लिहायची, तो वेळही ड्युटीतच धरलेला. टॅब्लेटचा उपयोग तिला तिथल्या तिथे दिसत होता हो!

मग मी आईच्या सिस्टरना व्हिडिओ कॉलवर विचारलं. त्या बीपी, शुगर आधी वहीत लिहितात कारण डॉक्टर वहीच बघतात, मग तेच आकडे परत ॲपमध्ये, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नेटपॅकवर, इंग्लिशमध्ये, बहुतेकदा रात्री घरी गेल्यावर. त्या किती वाजता आल्या नि कुठे होत्या हे मात्र ॲप बरोबर टिपतं. "ताई, मी भरते ते वाचतं कोण, एवढं तरी कळू दे," म्हणाल्या. याला शिकायची इच्छा नाही असं कसं म्हणायचं?

फ्रेड डेव्हिस या संशोधकाने 1989 मध्येच मांडलं होतं की माणूस नवीन तंत्र स्वीकारताना मुख्यतः दोन गोष्टी बघतो, ते कामाला येतं का आणि वापरायला सोपं आहे का. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले ते आठवतंय ना, फोन सारखे बिघडत होते आणि मुलांच्या पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप मराठीत नव्हतं. त्या नर्स नाहीत, पण दुखणं तेच.

आणि इथे नेदरलँड्समध्ये तरी सगळं आयतं कुठे मिळालं, होमकेअरमध्ये दर पाच मिनिटांचा हिशोब लिहिण्यावरून नर्सेस वर्षानुवर्षं वैतागलेल्या होत्या. योस दे ब्लोक हे स्वतः नर्स, त्यांनी 2006 मध्ये बुर्टझोर्ग नावाची होमकेअर संस्था काढली, जास्तीत जास्त बारा जणांच्या टीम, वर मॅनेजर नाही, आणि कॉम्प्युटर सिस्टिम नर्सच्या कामाला धरून बनवलेली. तंत्र आवडायला लागलं ते अशा ठिकाणी. दादाला दिसतो तो फक्त टॅब्लेट.

मी त्याला म्हटलंय, एजन्सीकडे तक्रार नंतर कर, आधी डॉक्टरांना विचार की रीडिंग ॲपवरच बघाल का. सिस्टरना हे सांगितलं तर लगेच म्हणाल्या, "बघणार असतील तर वही त्याच दिवशी बंद करते."