'यादृच्छिक' म्हणजे 'मनाला येईल तसं' नव्हे

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की 'यादृच्छिक' हा शब्द 'यत् + इच्छा' यातून आला, म्हणजे ज्याला जसं वाटेल तसं. शिवाय हा शब्द पूर्वी नव्हताच, 'रँडम'साठी अलीकडे घडवला. आपल्याकडे सगळं कर्मानं ठरतं असं मानत, त्यामुळे योगायोगाची कल्पनाच नव्हती. मी संख्याशास्त्र शिकवते. हा शब्द रोज तोंडात असतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी विग्रह. 'यत्' आणि 'इच्छा' यांचा संधी केला तर 'यदिच्छा' होईल. त्यात 'ऋ' येणार कुठून? मूळ शब्द 'यदृच्छा', म्हणजे यद् + ऋच्छा. 'ऋच्छति' म्हणजे जातो, येऊन पोचतो. जे आपसूक समोर येऊन ठाकतं ते यदृच्छा. त्याला 'इक' लागून पहिला स्वर वाढला की 'यादृच्छिक', जसं 'अकस्मात'पासून 'आकस्मिक'. इच्छेचा शब्द वेगळा आहे, 'ऐच्छिक'. कानाला दोन्ही सारखे वाटतात, घोळ तिथेच होतो.

अर्थ तपासायला गीतेतलं एकच पद पुरे. चौथ्या अध्यायातल्या २२व्या श्लोकात 'यदृच्छालाभसन्तुष्टः' असं येतं. न मागता जे मिळेल त्यात समाधानी, असा तो माणूस. आता इथे 'यदृच्छा'च्या जागी 'हवं ते' घालून वाचा: हवं ते मिळाल्यावर समाधानी! तसे तर आपण सगळेच असतो, त्यासाठी योगी कशाला व्हायला हवं?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. संस्कृतात या शब्दाला 'स्वैरपणा' अशीही छटा आहे. पतंजलीनं महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार सांगितले, त्यातला चौथा यदृच्छाशब्द. म्हणजे ज्याला जाती, गुण, क्रिया यांचा आधार नाही, बोलणाऱ्यानं सहज ठेवलेलं नाव. 'डित्थ' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तेव्हा लहरीचा अर्थ शब्दात अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण तो इच्छेच्या विग्रहातून आलेला नाही, आणि संख्याशास्त्रानं तो घेतलेलाही नाही.

शब्द अलीकडचा, हा दावा वरच्या दोन उदाहरणांनीच निकालात निघतो. परिभाषेनं जुना शब्द उचलून त्याला नेमका अर्थ दिला, एवढंच.

कर्माचं म्हणाल तर श्वेताश्वतर उपनिषद सुरुवातीलाच विचारतं, या जगाचं कारण काय? आणि पर्याय मांडतं: 'कालः स्वभावो नियतिर्यदृच्छा...'. नियती आणि यदृच्छा शेजारीशेजारी, दोन वेगळ्या गोष्टी म्हणून. पुढे उपनिषद यदृच्छेला मूळ कारण मानत नाही, हे खरं. पण जी कल्पनाच नव्हती ती खोडायची तरी कशी? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही अशाच यादीत यदृच्छा आहे.

मला खरी काळजी वाटते ती 'वाटेल तसं' या अर्थाची, कारण त्यानं काम बिघडतं. समोर दिसतील त्या वीस जणांना प्रश्न विचारायचे आणि अहवालात 'यादृच्छिक नमुना' लिहायचं, असं सर्रास चालतं. साध्या यादृच्छिक नमुन्यात यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असावी लागते, आणि ती निवड चिठ्ठ्यांवर किंवा यादृच्छिक अंकांवर सोपवावी लागते. तिथे माणसाच्या मर्जीला जागाच नाही.

वर्गात मी अर्ध्या मुलांना नाणं वीस वेळा उडवून छापा-काटा लिहायला सांगते आणि उरलेल्यांना नाण्याशिवाय, मनानं. मग कागद एकत्र करून कुठला कोणता ते ओळखते. मनानं लिहिणारी मुलं लगेच बाजू बदलतात, सलग चार छापे लिहायला त्यांचा हात धजत नाही. खऱ्या नाण्याच्या वीस फेकींत कुठे तरी सलग चार किंवा जास्त वेळा तीच बाजू पडण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते. मी कागदावर आधी तेच शोधते.