बाहेरून लायटिंग छान दिसत होतं

आज संध्याकाळी माझी आई आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी एका मैदानाच्या गेटवरून परत आल्या. आई एकोणऐंशी वर्षांची आहे, मावशी तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. स्वयंपाक केला, जेवण घशाखाली उतरलं नाही, म्हणून इथे लिहायला बसले.

आठ दिवस आमच्या भागात बोर्ड झळकत होते. थंडीचा महोत्सव. गाणं, चित्रं, योग, वेलनेस, आणि सर्वांत मोठ्या अक्षरात ‘प्रवेश विनामूल्य’. आईने तो बोर्ड भाजी आणताना वाचला आणि मावशींना सांगितला. मावशी एकट्या राहतात, मुलगा बंगळुरूला. दोघींनी चार दिवस आधीपासून ठरवलं होतं. मावशींनी यंदाच्या पहिल्या तिळाच्या वड्या केल्या. का, तर शेजारी कोणी बसेल त्याला द्यायला. साडेपाचला दोघी रिक्षाने निघाल्या, शाली घेऊन.

गेटवर सांगितलं, मोबाईलवर कोड स्कॅन करा, नाव भरा, ओटीपी येईल, तो दाखवा. मावशींचा फोन बटणांचा. आईकडे स्मार्टफोन आहे, पण तिला त्यावर फक्त व्हिडिओ कॉल येतो आणि पंचांग दिसतं. आईने विचारलं, कागदावर नाव लिहून देऊ का? नाही चालणार. मागे रांग होती, म्हणून या दोघी बाजूला झाल्या.

मी ऑफिसातून परस्पर तिथे पोहोचले तेव्हा दोघी गेटशेजारच्या कठड्यावर बसल्या होत्या. शाली घडी करून मांडीवर, वड्यांचा डबा दोघींच्या मधे. मी आत घेऊन जाते म्हटलं तर मावशी उठल्याच नाहीत. म्हणाल्या, ‘‘राहू दे गं, बाहेरून लायटिंग छान दिसत होतं.’’

त्या वेळी आत माइकवरून ज्येष्ठांच्या एकटेपणावर कोणीतरी बोलत होतं. बाहेर रस्त्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. मी सांगते एवढं काय ते.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये बाबा गेले. आई रडली नाही फारशी. पण एक गोष्ट झाली, जी बाहेरच्या कोणाच्या लक्षात आली नसती. तिने भाजीवाल्याशी घासाघीस करणं सोडलं. ज्या बाईने आयुष्यभर मेथीची जुडी उलटीपालटी करून, मुळं बघून, ‘‘ही काल सकाळची आहे’’ असं त्याच्या तोंडावर सांगितलं, ती बाई तो मागेल ते पैसे देऊन, देईल ती जुडी घेऊन घरी यायला लागली. तीन महिने. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गोळीने झोप लागायची, दुसरं काही होत नव्हतं.

जानेवारीत समोरच्या काकू आल्या आणि काही न विचारता म्हणाल्या, चप्पल घाला, व्याख्यानाला जायचंय. नौपाड्यात सरस्वती शाळेच्या पटांगणावर दर जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला भरते, ठाणेकरांना सांगायला नको. उघडं पटांगण, ओळीने खुर्च्या, स्वेटर, मफलर आणि माकडटोप्या. आई पहिल्या दिवशी गेली, काही ऐकलं नाही, असं तिनेच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली होती, म्हणून गेली. तिसऱ्या दिवशी घरी आली, चपला काढता काढता म्हणाली, ‘‘आजचे वक्ते शेवटी शेवटी फार पळाले. वेळेचं भान नको माणसाला?’’

मी ओट्यापाशी उभी होते. तीन महिन्यांत तिने केलेली ती पहिली तक्रार. मी पाठ फिरवून भांडी विसळत राहिले, कारण माझा चेहरा तिला दिसायला नको होता.

चौथ्या दिवशी सकाळी तिने भाजीवाल्याला मेथीवरून झापलं.

त्या पटांगणात आईला कोणी नाव विचारलं नव्हतं, नंबर विचारला नव्हता. तिने फक्त जाऊन बसायचं होतं. कोणाशी बोलली नसती तरी चाललं असतं, डुलकी लागली असती तरी कोणी उठवलं नसतं. अशी जागा गावात असणं म्हणजे काय असतं, हे ज्याने घरात मुकं झालेलं माणूस बघितलंय त्यालाच कळेल.

माझी मुलगी म्हणते, आई, यावर अभ्यास झालेत, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास चाळून कला आणि आरोग्याचा संबंध मांडलाय. बरं झालं मांडला. मला मेथीची जुडी पुरे.

आणि हे सगळं थंडीतच का, याचाही विचार करा ना. आपल्या ठाण्याला खाडीचा दमटपणा, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही घाम पुसत बसायचं. जूनपासून चार महिने पाऊस. ऑक्टोबरची काहिली वेगळीच. फेब्रुवारी लागला की परीक्षा, मग स्पीकर कोण लावू देणार. उघड्यावर निवांत बसता येईल अशा संध्याकाळी आपल्याला वर्षात मिळतात किती? डिसेंबर आणि जानेवारी, बस. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून, १८७५पासून, वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात चालते, त्यांना ते जमतं. आपले दिवस हेच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने घराबाहेर पडायचं, एकमेकींच्या घरी जायचं, तीळगूळ खायचा, हे ज्यांनी लावून दिलं त्यांना वेलनेस हा शब्द माहीत नव्हता. पण थंडीत माणूस घरात आखडून बसतो, त्याला बाहेर काढायला लागतं, हे पक्कं माहीत होतं. आणि हो, त्या हळदीकुंकवाने विधवांना दारात ठेवलं होतं, तेही चूकच होतं. आई गेली चौदा वर्षं आमच्या घरच्या हळदीकुंकवात पुढे बसते, कोणी बोलून दाखवावं.

आत्ता हे लिहिताना लक्षात आलं की माझा राग त्याच गोष्टीचा आहे. कोणीतरी दारात उभं राहून ठरवतं, तुम्ही आत, तुम्ही बाहेर. तेव्हा कपाळ बघायचे, आता मोबाईल बघतात.

गर्दी मोजावी लागते, चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून नोंदणी हवी, हे मला कळतं. मान्य. मग गेटवर एक टेबल, एक वही आणि एक पेन ठेवा. एवढी रोषणाई केलीत, त्यात वहीला किती पैसे पडले असते? आमच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला १८९३पासून नोंदी ठेवता येतात, तुम्हाला एका संध्याकाळच्या ठेवता येत नाहीत?

गेटवरचा तो मुलगा वाईट नव्हता, हेही लिहिते. वीस-एकवीसचा असेल. मी जोरात बोलले तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, ‘‘मॅडम, मला सांगितलंय कोडशिवाय सोडायचं नाही.’’ निघताना त्याने मावशींना हात देऊन कठड्यावरून उठवलं आणि रिक्षा थांबवून दिली. मावशींनी डबा उघडून त्याला वडी दिली. मी त्याच्यावर ओरडायला नको होतं. ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते मंचावर होते.

मुलीचं म्हणणं असं की वेलनेसच्या कार्यक्रमांत वाडगे वाजवून नाद ऐकवतात, साउंड हीलिंग म्हणतात त्याला, त्याने तिला खरंच शांत वाटतं, आणि मी उगाच त्याला नावं ठेवते. वाटत असेल. तिचं खोटं म्हणत नाही. पण माझ्या आईला शांतता नको होती, शांतता घरात ढीगभर होती. तिला खुर्च्या सरकवल्याचा आवाज हवा होता, मागच्या ओळीतली खोकल्याची उबळ हवी होती, मध्येच ‘‘जरा सरका’’ म्हणणारी अनोळखी बाई हवी होती. वक्ते काय बोलले ते तिला आजही आठवत नाही. कोणाच्या शेजारी बसली होती ते आठवतं. आणि वक्ते पळाले होते, हे आठवतं.

म्हणून सांगते, तुमच्यापैकी जे कोणी सोसायटीत, मंडळात, क्लबात या दिवसांत काही भरवताय, त्यांनी गेटवर वही ठेवा. पुढच्या दोन ओळी पाठीच्या खुर्च्यांच्या ठेवा, सतरंजीवरून उठताना म्हाताऱ्या माणसाला आधार लागतो आणि तो मागायची लाज वाटते. बाथरूम कुठे आहे त्याचा बाण मोठ्या अक्षरात लावा, निम्म्या बायका त्या भीतीने येत नाहीत. कार्यक्रम वेळेवर संपवा, परतीची रिक्षा मिळेपर्यंत जीव टांगणीला असतो.

आई झोपली आहे. झोपायच्या आधी मी विचारलं, वाईट वाटलं का गं? म्हणाली, ‘‘मला नाही, तिला वाटलं. तिने चार दिवस आधी तीळ भाजले होते.’’ म्हाळगी व्याख्यानमालेला मी दोघींना घेऊन जाणारच आहे, जागाही मीच धरणार. पण त्याला अजून अवकाश आहे आणि मावशींनी तोवर दार लावून बसावं हे मला चालणार नाही.

परवा रविवारी सकाळी साडेसातला कचराळी तलावापाशी दोघींना आणते आहे. फिरून झालं की तिथेच बसणार, मावशी पूर्वी भजनात टाळ धरायच्या, तो त्या आणणार आहेत, मी चहाचा थर्मास आणते. पाचपाखाडी-नौपाड्यात ज्यांच्या घरी आई, सासू, काका, कोणीही आहे, त्यांना घेऊन या. नाव-नंबर काही लागत नाही. गाता येत नसलं तरी या.

वड्यांचा डबा आमच्या टेबलावर राहिलाय. आत अठरा वड्या आहेत. जास्त लोक येणार असाल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, मावशींना पुन्हा तीळ भाजायला वेळ लागतो.