बॉक्सरच्या खुराखालचा कुत्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’ या कादंबरीत जनावरे माणसाला हाकलून शेत ताब्यात घेतात आणि मग डुकरेच त्यांच्यावर सत्ता गाजवतात. तिच्यातील बॉक्सर या कष्टाळू घोड्याने निर्णय दुसऱ्याच्या हवाली केला, असे मांडणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘ज्याने आयुष्यात कधी घाम गाळला नाही, त्याने कष्टकऱ्याला मूर्ख ठरवू नये. लेखकाने कादंबरी धड वाचलेलीही दिसत नाही.’ मतभेदाचे मला वाईट वाटत नाही. परंतु ज्या माणसाला आपण कधी पाहिलेही नाही, त्याच्या घामाचा हिशेब एका वाक्यात मांडून आपण मोकळे झालात, हे मला लागले.

चूक आधी कबूल करतो. बॉक्सरला ‘सी’पर्यंतच अक्षरे येत होती, असे मी लिहिले होते, ती ‘डी’पर्यंत येत होती. दुरुस्ती केली आहे. मात्र एका अक्षरावरून पुस्तक वाचलेच नाही असे ठरवणे हा उतावळेपणा आहे.

आता घामाविषयी. माझे वडील मुंबईत कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणेल ती त्यांची पूर्व दिशा. त्याने पुढे केलेल्या जामीनकीच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली, आणि त्यांना वाचता उत्तम येत होते. ते कर्ज फेडताना आईच्या दोन बांगड्या गेल्या. वडिलांना मी कधी मूर्ख म्हटले नाही, म्हणणारही नाही. पण कागद वाचायला हवा होता, एवढे म्हणण्याचा अधिकार मला त्या घराने दिला आहे. तो आपण काढून घेऊ नये.

बॉक्सरबद्दलही माझे म्हणणे एवढेच आहे. ‘मूर्ख’ हा शब्द माझ्या लेखात कुठेही नाही. हाकलून दिलेला डुक्कर स्नोबॉल पहिल्यापासूनच फितूर होता असे सत्ताधारी डुक्कर नेपोलियनचा प्रचारक स्क्वीलर सांगतो, तेव्हा माणसांविरुद्धच्या गोठ्याच्या लढाईत स्नोबॉलला रक्तबंबाळ होऊन लढताना पाहिलेला बॉक्सर ‘हे मला पटत नाही’ असे सर्वांसमक्ष म्हणतो. मग नेपोलियनचे नाव येताच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले तो सोडून देतो. पुढे चारच दिवसांनी नेपोलियनचे तीन कुत्रे त्याच्या अंगावर धावून जातात. एकाला तो खुराखाली दाबून धरतो आणि चिरडू की सोडू, हे विचारण्यासाठी नेपोलियनकडे पाहतो. हुकूम होताच खूर उचलतो. त्यानंतर नेपोलियनने करवलेल्या जनावरांच्या कत्तलीचा दोषही तो जनावरांनाच देतो आणि रोज तासभर आधी उठायचे ठरवतो. ताकद त्याच्याजवळ होती, शंकाही आली होती. निर्णय तेवढा त्याने दुसऱ्याच्या हवाली केला. असे म्हणणे हा कष्टकऱ्याचा अपमान कसा होतो?

दूध आणि सफरचंदे डुकरांनी स्वतःसाठी ठेवली तेव्हाच बाकीच्या जनावरांनी ठामपणे अडवायला हवे होते, असे ऑर्वेलने स्वतः १९४६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन लेखक-संपादक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांना पत्रातून कळवले होते. म्हणजे जनावरांकडून अपेक्षा ठेवणारा मी पहिला नव्हे.

बेंजामिन गाढव अधिक दोषी आहे, स्नोबॉलला मी झुकते माप दिले, हे आपले उरलेले मुद्दे बॉक्सरवरील लेखाला लागू होत नाहीत. त्यांत मी शिरत नाही.

खूर उचलण्याआधी बॉक्सर नेपोलियनकडे का पाहतो, याचे दुसरे उत्तर आपल्याकडे असेल तर अवश्य लिहावे, मी ते लक्षपूर्वक वाचीन. माझ्या घरात कोणी किती घाम गाळला, याची चौकशी मात्र पुन्हा करू नये.