पेनड्राइव्हची उलटतपासणी

भाचीच्या लग्नात गाण्यांची जबाबदारी माझ्यावर आली, ती माझ्या गळ्यामुळे नव्हे, तर माझ्याकडच्या पेनड्राइव्हमुळे. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात त्याची कीर्ती आहे. नाट्यपदांपासून वरातीतल्या धिंगाण्यापर्यंत सगळे त्यात सापडते. मात्र भाचीचा धाकटा भाऊ नुकताच वकील झाला आहे, आणि नव्या वकिलाला अशील मिळण्याआधी नातेवाईक सापडतात.

“मामा, ही गाणी आली कुठून?” त्याने पहिलाच प्रश्न टाकला. आता काय सांगावे? आमच्या तरुणपणी म्हापशाच्या बाजारात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली, की दुकानदार गाणी भरून देई. ती पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा आम्ही मोडत असू, आणि पुढे त्या गाण्यांचा कंटाळा आला, की त्याच भोकावर सेलोटेप चिकटवून नवी गाणी भरत असू. गाण्यांवरच्या हक्कांशी आमचा संबंध त्या सेलोटेपपुरताच होता.

भाच्याने 1957 चा कॉपीराइट कायदा उघडला. कलम 52 नुसार खासगी वापरासाठी ‘उचित’ व्यवहार चालतो आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणेही त्यात आली, हे ऐकून मला हायसे वाटले. पण उचित म्हणजे किती, हे कलमात लिहिलेले नाही. शिवाय फुकट्या संकेतस्थळावरून उतरवलेले गाणे मुळातच चोरीचे असेल, तर माझे खासगीपण न्यायालयात टिकेल याची हमी द्यायला तो तयार नव्हता. कलम 63 मधली सहा महिने ते तीन वर्षांची कैद मात्र त्याने खणखणीत आवाजात वाचली.

मग मुदतींचा हिशेब निघाला. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून 60 वर्षे चालतो, तर शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी व संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षे. परिणामी मी संध्याकाळभर पुण्यतिथ्या शोधत बसलो. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये आणि गोविंद बल्लाळ देवल 1916 मध्ये गेल्यामुळे त्यांची पदे मोकळी झाली. खरी पंचाईत हयात संगीतकारांची: त्यांना दीर्घायुष्य चिंतावे, तर गाणे मोकळे होणे तितकेच लांबते. (मी दीर्घायुष्यच चिंततो, हे भाच्याने नोंदवून घ्यावे.) आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी मात्र 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली, ती प्रत जप्त करायला कोणी जाणार नाही.

“पण लग्नाला सूट असते ना?” मी शेवटचा पत्ता टाकला. असते, धार्मिक विधीत गाणी वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही, आणि वरात व लग्नाचे इतर सोहळे कायद्याने धार्मिक विधीत धरले आहेत. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये तसे परिपत्रकही काढले होते. पण ते कायद्याच्या शब्दांपलीकडे जाते म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच ऑगस्टमध्ये रद्द केले. कलम राहिले, परिपत्रक गेले, आणि आमच्या हॉटेलातल्या ‘संगीत’चे काय, हा प्रश्न लटकलेलाच राहिला. वकीलसाहेबांनी जोखीम नको म्हणून केवळ निर्धोक गाण्यांची यादी करून आईपुढे ठेवली.

बहिणीने चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि माझ्याकडे बघत विचारले, “दादा, मुलीचे लग्न आहे, की कोणाचे वर्षश्राद्ध?”