बॅटरी गेली का रे?

अडीच लाख किलोमीटर पळाली माझी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची विजेची मोटर, दोन्ही असलेली गाडी), आणि त्यातलं निम्मं अंतर मी एकच प्रश्न ऐकतोय, "बॅटरी गेली का रे?" नाही गेली! परवा गाडी चालूच होईना. डॅशबोर्डवर दिव्यांची नुसती दिवाळी. मेकॅनिकने काहीही न तपासता निकाल दिला, "मोठी बॅटरी गेली, काढून टाका आता गाडी." आणि निघालं काय? १२ व्होल्टची ती छोटी बॅटरी उतरलेली. माझ्या गाडीत ती इंजिन फिरवत नाही, नुसते कॉम्प्युटर जागे करते. तीच झोपली की मोठीचे २०० व्होल्ट असून नसल्यासारखे.

मोठी बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या सीटपाशी असते. तिच्यात धूळ, केस साठले की बॅटरी तापते, आणि सतत तापली की लवकर मरते. साफ करायला दहा मिनिटं! पण सर्व्हिसिंगला विचारावं तर, "अशी जाळी असते?" ब्रेकचंही तेच. (मोटरच गाडी हळू करते म्हणून पॅड फारसे झिजत नाहीत, पण कमी वापरामुळे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होतात.) तिकडे कोण बघतो? ऑइल बदललं, गाडी धुतली, दिली परत. वर जाताजाता, "साहेब, ती बॅटरी तेवढी बघा हं."