प्रेशर स्विच विकत आणण्याआधी कपलर काढून बघा

गेले दोन-तीन आठवडे सांगली-मिरजेतल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. मलाच तो सात-आठ जणांनी पाठवला, आणि दोघं तर नवे स्विच हातात घेऊनच गॅरेजला आले. मजकूर थोडक्यात असा: ऑटोमॅटिक गाडीत मीटरवरचा ‘डी’चा दिवा लुकलुकतोय, तिसरा गिअर पडताना झटका बसतोय आणि स्कॅनरवर पी०८४७, पी०८४८ किंवा पी०८७२ असा कोड आलाय, तर शंभर टक्के ट्रान्समिशनचा प्रेशर स्विच गेला. गिअरबॉक्सवरचे दोन्ही स्विच आणा, अर्ध्या तासात घरीच बदला. स्विच मिळेपर्यंत त्याची वायर बॉडीला अर्थ करून गाडी चालवा. हे सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना लागू आहे. गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायचं बोलला, तर तो तुम्हाला लुटतोय.

सांगलीत शंभर फुटी रस्त्याला मी बावीस वर्षं गाड्यांची वायरिंगची कामं करतोय. या मजकुरापायी लोकांचे पैसे वाया जातायत आणि एखाद्याचा चांगला गिअरबॉक्सही जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

त्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्या, म्हणजे २००६ला आलेली सिव्हिक, २००८ ते २०१३ची सिटी, सीआर-व्ही, यांच्या गिअरबॉक्सवर क्लचचे प्रेशर स्विच बाहेरून बसवलेले असतात. हे स्विच म्हातारे होतात. आतला पडदा ढिला पडतो, कधी स्विचच्या पोटातून ऑईल झिरपून वर कपलरमध्ये, म्हणजे वायर स्विचला जोडणाऱ्या प्लगमध्ये, येतं. क्लचमध्ये प्रेशर नेमकं कधी भरलं हे कॉम्प्युटरला याच स्विचवरून कळतं. ती खबर उशिरा आली की गिअर पडताना झटका बसतो. अशा गाडीत स्विच बदलून झटका गेलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. मजकूर लिहिणाऱ्याच्या गाडीतही तेच झालं असणार. तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही, पण एका गाडीचं औषध त्याने गावाला वाटलंय.

आता ‘शंभर टक्के स्विचच’ हा मुद्दा. सगळी गफलत इथे आहे.

कोडचं पूर्ण नाव वाचा. त्यात नुसतं ‘स्विच’ नसतं, ‘स्विच सर्किट’ असतं. सर्किट म्हणजे स्विच, त्याचा कपलर, कपलरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर आणि कॉम्प्युटरची पिन. यात कुठेही बिघाड झाला तरी कोड तोच येतो. बरं, स्विच आणि वायर दोन्ही ठणठणीत असले आणि क्लचमध्ये खरंच प्रेशर भरत नसलं, तरी तोच कोड येऊ शकतो. म्हणजे कधी कधी स्विच खरं सांगत असतो आणि आपण त्यालाच बाहेर काढतो.

दुसरी गफलत ‘लो’ आणि ‘हाय’ या शब्दांची. पी०८४७ म्हणजे बी स्विचचं सर्किट लो, पी०८४८ म्हणजे हाय. होंडात बी म्हणजे तिसऱ्या क्लचचा, म्हणजे तिसरा गिअर लावणाऱ्या क्लचचा स्विच. लोक ‘लो’ वाचतात आणि प्रेशर कमी समजून ऑईल ओततात. इथे लो आहे ते व्होल्टेज. या गाड्यांत कॉम्प्युटर वायरवर थोडं व्होल्टेज ठेवतो आणि प्रेशर आलं की स्विच ती वायर अर्थ करतो. त्यामुळे लो म्हणजे वायर कायम अर्थ झालेली दिसतेय आणि हाय म्हणजे अर्थ मिळायला हवा तेव्हा मिळत नाहीये. उगाच ओतलेलं ऑईल प्रमाणाबाहेर गेलं की त्याला फेस येतो आणि मग प्रेशर खरोखरच पडतं.

एवढं समजलं की तपासणी अवघड नाही. स्कॅनरवर त्या स्विचचा लाईव्ह डेटा, म्हणजे स्विच या क्षणी ‘ऑन’ की ‘ऑफ’ ते, लावा, किल्ली ऑन, इंजिन बंद. कोड लो असेल तर स्विचचा कपलर काढा. डेटा ‘ऑफ’ झाला तर वायर बरी आहे, स्विच आतून चिकटलाय. कपलर काढूनही ‘ऑन’च दिसत असेल तर वायर कुठेतरी सोललीय आणि बॉडीला लागतेय. मग नवा स्विच सोन्याचा बसवलात तरी उपयोग नाही. कोड हाय असेल तर उलटं करायचं. काढलेल्या कपलरची पिन क्षणभर अर्थला लावा. डेटा ‘ऑन’ झाला तर वायर शाबूत, मग स्विच आणि प्रेशर बघायचं. नाही झाला तर वायर तुटलेली आहे.

सांगलीच्या गावभागातल्या एका सरांच्या सिव्हिकमध्ये हेच निघालं. गाडी २०१९च्या ऑगस्टात महापुराच्या पाण्यात होती. कोड पी०८४८. मजकूर वाचून त्यांनी दुसरीकडून दोन्ही स्विच बदलून घेतले आणि चार दिवसांत दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. मी कपलर काढला. नवा स्विच चकचकीत होता, पण कपलरच्या आतली पिन हिरवी पडलेली. पिन अर्थला लावली, डेटा हलला नाही. वायरचं वेष्टण ब्लेडने चिरलं तर आतलं तांबं कळकलेलं, काळंहिरवं, बोटाने चुरगळलं की भुगा. बोटभर कापलं, तरी काळंच. वीतभर मागे गेलो तेव्हा कुठे लखलखीत तांबं दिसलं. पाणी कपलरमधून शिरलं आणि वायरच्या पोटातून वर चढत गेलं. तेवढा तुकडा नवा घातला, सोल्डर करून वर स्लीव्ह आकसून बसवली, पिन नवी टाकली. सरांनी जुने स्विच डिकीत ठेवले होते, ते बसवून पाहिले. दोन्ही चांगले होते.

आपल्याकडे पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून किती हातांतून फिरल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. सांगलीत सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली असेल आणि असा कोड आला असेल, तर मी पहिला संशय कपलरवर घेतो.

वायर बरी निघाली तर पुढे ऑईल. लेव्हल तपासायची रीतही गाडीगणिक वेगळी. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात. होंडात गाडी गरम झाल्यावर इंजिन बंद करून साधारण दीड मिनिटाच्या आत ऑईलची काडी (डिपस्टिक) ओढायची. काडीला ऑईल काळं दिसलं, जळकट वास आला, तर स्विचचा विषय तिथेच थांबवा आणि प्रेशर गेज लावा. त्यासाठी गिअरबॉक्सवर वेगळं तोंड दिलेलं असतं. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवायची, पुढची चाकं मोकळी, समोर कुणी उभं राहायचं नाही. किती प्रेशर हवं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. होंडाच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला साधारण नऊ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास मिळायला हवं. मागच्या पावसाळ्यात एका सीआर-व्हीला तिसऱ्या क्लचचं प्रेशर त्याच्या निम्म्यावरही जाईना. स्विच बिचारा बरोबर सांगत होता. तिथे गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नव्हता, आणि मालकाने स्विच बदलण्यात महिनाभर घालवला नसता तर कदाचित काम थोडक्यात भागलं असतं.

‘वायर अर्थ करून गाडी चालवा’ हा सल्ला सगळ्यात घातक. तपासायला क्षणभर अर्थ करणं वेगळं. कायम अर्थ केली की गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाही तिसऱ्या क्लचमध्ये प्रेशर आहे असं कॉम्प्युटर समजतो. हायचा कोड गेला, लोचा आला. शिवाय त्या क्लचमध्ये प्रेशर खरंच कमी असेल, तर ते सांगणारा एकुलता एक साक्षीदार तुम्ही गप्प केला.

‘अर्ध्या तासात घरी’. होंडात होतं, नाकारत नाही. पण स्विच अॅल्युमिनियमच्या आट्यांत बसतो आणि त्याला फक्त २० न्यूटन-मीटर ताण पुरतो. लांब पान्याने दाबलं की आटे जातात. वॉशर प्रत्येक वेळी नवा. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, या स्विचला अर्थ त्याच्या अंगातूनच मिळतो.

‘सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना लागू’ हे तर साफ चूक. शेवरोले क्रूझच्या ऑटोमॅटिकमध्ये प्रेशर स्विच गिअरबॉक्सच्या आत, कॉम्प्युटरच्याच युनिटवर असतात. कव्हर उघडल्याशिवाय ते दिसतही नाहीत. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) सगळं मेकाट्रॉनिकमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या एकाच युनिटमध्ये आहे, तिथे घरी पाना लावूच नका. आणि २०१४ला सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर हलवायला वर हायड्रॉलिक युनिट बसवलेलं. त्यात प्रेशर सेन्सर असतो, पण त्याचं काम त्या युनिटपुरतं. तुमची एएमटी चढावर उचकत असेल तर या मजकुरातलं काहीच तुमच्या कामाचं नाही.

राहिला लुटीचा मुद्दा. ते होतं, आणि मला त्याची चीड आहे. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्या गॅरेजमध्ये, गेज न लावता, अख्खा गिअरबॉक्स बदलायचा खर्च सांगितला होता. निघाली घासलेली वायर. म्हणून विचारा: कोडचा आकडा काय, कपलर काढल्यावर डेटा काय दाखवतो, गेजवर किती किलो आले. काम जाणणारा मिस्त्री हे तुम्हाला उभं करून दाखवेल. यातलं एकही न बघता जो गिअरबॉक्स उतरवायला सांगतो, त्याच्याकडून गाडी परत आणा. यातलं एकही न बघता जो नुसते स्विच बदलतो, त्याच्याकडूनही आणा.

मजकूर वाचून ज्यांनी वायर आधीच अर्थ केलीय, त्यांनी ती आज सोडवा, उघडं टोक टेपने बंद करा आणि घाटात गाडी नेण्याआधी ऑईलची काडी ओढून वास घ्या.